बाळंतिणीच्या दाराबाहेर उभे राहिलेल्यांना काही नाही

मी शालनबाई, कै. चिमाजी काळोखे यांची पत्नी, वय सत्तरीच्या घरात, धंदा पूर्वी इस्पितळात नर्स व नंतर घरोघर सुईण, राहणार चिंचवड गावठाण, तालुका हवेली, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. कान थोडे गेले आहेत, पण अलीकडे जे ऐकू येते ते पाहता त्याचे दुःख नाही. मला कोणी धाक घातलेला नाही आणि गोड बोलून भुलवलेलेही नाही. माझ्याशी गोड बोलण्याचा उद्योग माझ्या माहेरच्यांनी फार पूर्वीच सोडून दिला. पुण्याचे नानासाहेब वकील यांनी कायद्याची भाषा सांगितली, ती जमेल तिथे घातली आहे. "बाई, मृत्युपत्रात राग लिहायचा नसतो," असे ते म्हणाले. मी म्हटले, राग वगळला तर अर्ध्या पानात संपेल. ते हसले आणि पुढचा मजकूर त्यांनी माझ्यावर सोडला.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मला मूलबाळ नाही.

कलम पहिले. नदीकडे उतरणाऱ्या आळीतले माझे कौलारू घर, म्हणजे पुढची खोली, माजघर, स्वयंपाकघर आणि परसातली खोली, हे मी माझ्या पगारातून विकत घेतले. त्यात बापाचा, भावाचा किंवा सासरचा एक वासासुद्धा नाही. हे घर माझ्यामागे कौशल्याबाई गायकवाड हिला पूर्ण मालकीने मिळावे. कौशल्याबाई तीस वर्षांहून अधिक काळ माझ्याबरोबर राहते आणि पुढच्या खोलीत बाळंतपणे करते. माझा भाचा हिंदुराव दत्तोबा शेडगे याचा या घरावर काडीचाही हक्क नाही, आणि त्याने तो सांगू नये म्हणून कारणे लिहिते.

गणपती झाल्यावर हिंदुराव माझ्याकडे आला. पिंपरीकडे कारखाने उभे राहू लागल्यापासून त्याला जिथेतिथे भाडेकरू दिसतात. पडवीत बसून त्याने माझ्या घराच्या भिंती नजरेने मोजल्या.

"आत्या, आता तुजं वय झालं. कागूद करून टाक. म्होरल्या अंगाला चार खोल्या काढतो. कंपनीची मानसं जागा हुडकत फिरत्यात."

"आणि कौशल्याबाई?"

"ती बाटगी व्हय? तू हायेस तवर ऱ्हाऊ दे. तू गेलीस की त्याच दिशी तिचं गाठुडं रस्त्यावर."

कौशल्याबाई तिथेच उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. मी त्याला विचारले, "तुला या जगात कोणाच्या हातांनी आणले, ते ठाऊक आहे ना?"

"ठावं हाय की. मी काय सांगितलं व्हतं का तिला, हात लाव म्हनून?"

उपकार विसरणारी माणसे मी पुष्कळ पाहिली, पण ते लक्षात ठेवून वर असे बोलणारा हा पहिलाच. त्याच्या मागे त्याची आई, म्हणजे माझी भावजय सोजराबाई, पदराचा बोळा तोंडात धरून उभी होती. त्याच संध्याकाळी मी नानासाहेबांना निरोप धाडला.

कलम दुसरे. माझा मृतदेह कौशल्याबाईनेच धुवावा. अग्नी परसातल्या खोलीत राहणारे मारुतराव यांनी द्यावा. हा माणूस मराठवाड्यातून कारखान्यात कामाला आला, आमच्या कोणत्याही भावकीत नाही, आणि त्याचे मूल आमच्या पुढच्या खोलीत जन्मले. हिंदुरावाने मडके धरू नये. तेराव्याचे जेवण घालू नये. त्या पंगतीला जे बसतील त्यांतले बहुतेक कधी ना कधी बाळंतिणीच्या दाराबाहेर विटाळ धरून उभे राहिलेले आहेत, आणि त्यांना लाडू वाढण्याची माझी इच्छा नाही.

कलम तिसरे, पुण्यातल्या नन मंडळींविषयी. त्यांचा संघ कोणता आणि इस्पितळ कोणते ते मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना समजायचे त्यांना समजेल.

मी त्यांच्याकडे कशी गेले हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. प्लेगात माझ्या नवऱ्याला गाठ आली तेव्हा त्याला गावाबाहेरच्या प्लेग-छावणीत, सरकारी छपरात नेले. मी बरोबर गेले. माझा भाऊ दत्तोबा दोरीपलीकडे उभा राहून चौकशी करायचा आणि भाकरी लांबून फेकायचा. आत मात्र परदेशातून आलेल्या नन होत्या. सिस्टर अगाथा नावाची एक थोराड बाई माझ्या नवऱ्याची ओकारी आणि घाण स्वतःच्या हातांनी काढायची. मी त्याआधी गोऱ्या माणसाला वाकलेले पाहिले नव्हते. शेवटच्या दिवशी मात्र तिने ओले बोट त्याच्या कपाळावरून फिरवले आणि काहीतरी पुटपुटली. मला वाटले, ताप उतरवते आहे. पुढे अनेक मरणाऱ्यांवर, विशेषतः तान्ह्या मुलांवर, तेच बोट फिरताना पाहिले तेव्हा कळले की हा बाप्तिस्मा. तिने मला विचारले नव्हते, त्यालाही विचारले नव्हते. ते मी तिला माफ केलेले नाही. तिच्याइतके काम करणारे माणूसही मी दुसरे पाहिले नाही.

नवरा गेला. आमच्यात विधवेचा पाट लावतात, म्हणजे दुसरे लग्न, पण दत्तोबाला तेवढ्यात आपण कुणी मोठे मराठे असल्याचे आठवले आणि पाट घराण्याला शोभत नाही असे त्याने ठरवले. घरात मात्र मला ठेवून घ्यायलाही कोणी तयार नव्हते, कारण मी प्लेगाच्या छपरातून आले होते. म्हणून मी सिस्टर अगाथाकडे परत गेले आणि काम मागितले. तिने माझ्या हातात फरशीचे फडके दिले, आणि दोन वर्षांनी थर्मामीटर.

त्या इस्पितळात गोऱ्यांचा वॉर्ड वेगळा आणि आपल्या लोकांचा वेगळा. गोऱ्या शिपायांना दोन चादरी, आपल्याला एक घोंगडी. नन मंडळींतही दोन वर्ग. परदेशी त्या खऱ्या सिस्टर. पुढे नगरकडच्या, गोव्याकडच्या ज्या काळ्या मुली आल्या त्यांना मदतनीस सिस्टर म्हणायचे आणि भांडी, संडास, धुणे यांत जुंपायचे. प्रार्थनेला मागच्या बाकावर, जेवायला शेवटी. ख्रिस्ताच्या घरी जातपात नसते असे त्या आम्हाला समजावून सांगत आणि त्याच तोंडाने सांगत की सिस्टर मार्था, तू आधी मोऱ्या धू.

ही सिस्टर मार्था म्हणजे आमची कौशल्याबाई. जन्माने महार, आईबाप राहुरीकडे ख्रिस्ती झालेले. मार्था हे नाव तिला मठाने दिले. त्यांच्या धर्मपुस्तकात मार्था नावाची बाई पाहुण्यांसाठी राबते आणि तिची बहीण प्रभूच्या पायाशी बसून ऐकते. नाव देताना त्यांनी फार विचार केला असावा.

कलम चौथे. माझ्या ट्रंकेत नर्सिंगचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आहे. ते मठाच्या हल्लीच्या मदरकडे पोचते करावे. पुस्तक त्यांचेच आहे. नवीन असताना त्यातली बाळंतपणाची सर्व पाने खळ लावून एकमेकांना चिकटवलेली होती. कारण असे, की त्या काळी या नन मंडळींना बाळंतपणाला हात लावण्याची त्यांच्या धर्माची बंदी होती. ब्रह्मचर्याची शपथ घेतलेल्या बाईने मूल जन्मताना पाहू नये म्हणे. रोमहून तसा नियम होता. त्यामुळे बायकांच्या वॉर्डात सिस्टर ताप बघायची, जखम धुवायची, मेलेल्याचे डोळे मिटायची, पण बाळंतिणीला कळा सुरू झाल्या की दाराबाहेर जाऊन पाठ करून उभी राहायची आणि जपमाळ ओढायची. आत आम्ही, पगारी नर्सा आणि आया. शिकवायचेही त्यांनीच, पण तेवढी पाने सोडून.

मी आणि मार्थाने ती पाने भाताच्या वाफेवर धरून सोडवली. मी वाचायचे, ती चित्रे बघायची. काही पाने फाटली आहेत आणि एका चित्रावर पेज सांडलेली आहे. मदरने ती पाने अवश्य वाचावीत.

कलम पाचवे. हे हिंदुरावासाठी आहे, आणि हे त्याला घरी कोणी नीट सांगितलेले नसल्यास सर्वांसमक्ष वाचून दाखवावे.

सोजराबाईला पहिले मूल आडवे आले. गावची सुईण थकली तेव्हा दत्तोबाने तिला बैलगाडीत घातले आणि दापोडीचा पूल ओलांडून इस्पितळात आणले. मुलाचा हात बाहेर आला होता. डॉक्टर साहेब रेसकोर्सवर गेले होते आणि निरोप्याला तिथे कोणी आत सोडेना. दुसरी नर्स रजेवर. राहिले मी. आणि माझ्या उजव्या हाताच्या बोटाला नखुरडे होऊन पू भरला होता. तो हात मी आत घातला असता तर बाई सुटली असती, आणि आठवड्यात विषाने मेली असती. डावा हात माझ्या कामाचा नव्हता. मी दारात ओरडले की कोणीतरी आत या.

दाराबाहेर सिस्टर बर्नार्दा पाठ करून उभी होती. तिला सारे येत होते. तिच्या देशात तिचा बाप डॉक्टर होता. तिचे डोळे भरून आले होते हे मी लपवत नाही. पण डोळे भरून येण्याने मूल फिरत नाही. ती म्हणत होती, "नाही शालन, मला हुकूम नाही." तिच्या शेजारी माझी आई आणि दत्तोबा. तेही आत येईनात, कारण विटाळ. एवढ्यात मार्था धुण्याची बादली घेऊन चालली होती. तिने बादली खाली ठेवली.

सिस्टर बर्नार्दा इंग्रजीत म्हणाली, आत जाऊ नकोस. त्याच वेळी आमची आई मराठीत म्हणाली, "त्या कुरूसवालीला आत जाऊ दिऊ नगा. महाराची हाय ती." आणि दत्तोबा म्हणाला, "तिचा हात लागनार आसल तर ऱ्हाऊ द्या."

ऱ्हाऊ द्या! बायको आत गुरासारखी हंबरत होती आणि हा म्हणत होता, ऱ्हाऊ द्या. दोन धर्मांचे सोवळे एकाच दारात येऊन थांबले होते आणि दोघांचेही एकमेकांशी उत्तम जमले. त्या दोघांची आजही मला सारखीच शिसारी येते. मी कमीजास्त करून पाहिले, होत नाही.

मार्थाने पांढऱ्या झग्याची बाही खांद्यापर्यंत सारली, फिनेलात हात बुडवला आणि आत आली. तिचे हात लहान होते, अजूनही आहेत. मी डोक्याशी उभी राहून सांगत गेले.

"पाय शोध. पाय आणि हात यांत फसू नकोस. टाच लागते का बघ."

"लागली."

"नीट सांग."

"टाच हाय बाई. धरली."

"कळ जाऊ दे. आता ओढ, सावकाश."

हिंदुराव पायांकडून आला. निळा पडला होता. तिने त्याच्या तोंडातली घाण बोटाने काढली, नाकावर तोंड ठेवून ओढली आणि थुंकली, आणि मग तो रडला. आज जे तोंड तिला बाटगी म्हणते, ते तिने असे साफ केलेले आहे.

पुढे काय झाले तेही लिहिते. घरी नेल्यावर बाळंतिणीला पंचगव्य पाजले आणि मुलावर गोमूत्र शिंपडले, ते माझ्या आईने मला अभिमानाने सांगितले. इकडे मठात मार्थाला मदरपुढे गुडघ्यांवर बसवले. पाप कबूल कर, आणि पुन्हा असे करणार नाही असे वचन दे, एवढेच तिला करायचे होते. तिने विचारले, "आन् पुन्यांदा आडवं आलं तर?" मदरने पुन्हा वचनच मागितले, ते मार्थाने दिले नाही. मार्थाची कायमची शपथ अजून व्हायची होती, त्यामुळे काढून टाकणे सोपे गेले. डोक्यावरचे पांढरे वस्त्र उतरवून घेतले आणि फाटक उघडले. ती माझ्या खोलीवर आली. दुसऱ्या वर्षी मीही नोकरी सोडली आणि आम्ही दोघी चिंचवडला आलो. पाणी भरायला तिला नदीच्या खालच्या अंगाला जावे लागे, आणि बाळंतपणाला तिलाच हाका येत. बाळ तिने काढायचे आणि बारशाला तिने अंगणात उभे राहायचे. हे तीस वर्षे चालले आहे. आता शिवाशीव बंद करणारा कायदा झाला आहे, पण आमच्या आळीत तो अजून पोचलेला नाही.

काही वर्षांनी रोमने बंदी उठवली. नन मंडळींनी बाळंतपणे करण्यास हरकत नाही, उलट करावीत, असा हुकूम आला. ज्या गोष्टीसाठी एका मुलीला गुडघ्यांवर बसवले, तीच एका कागदाने पुण्यकर्म ठरली. तिला परत बोलावण्याचे मात्र कोणाच्या मनात आले नाही.

कलम सहावे. दोन वर्षांपूर्वी इस्पितळाचा समारंभ झाला. मला आमंत्रण आले, कौशल्याबाईला नाही. एका तरुण सिस्टरने इतिहास वाचून दाखवला. आमच्या भगिनी पहिल्या दिवसापासून या शहरातल्या मातांच्या उशाशी उभ्या राहिल्या, असे ती म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून म्हटले, "उशाशी नाही, दाराबाहेर. पाठ करून." शेजारच्या बाईने माझा पदर ओढून मला खाली बसवले आणि नंतर पेढा दिला. पेढा मी फाटकाबाहेर टाकला. त्या इतिहासात दुरुस्ती करावी अशी माझी मागणी मी येथे नोंदवते. सिस्टर अगाथाचे नाव त्यात जरूर ठेवावे, आणि मार्थाचे घालावे. झेपत नसेल तर त्यांनी इतिहास सांगू नये, नुसते पेढे वाटावेत.

कलम सातवे. माझी बाळंतपणाची पेटी, कात्री, तराजू, पोटाला लावून ठोके ऐकायची लाकडी नळी आणि पाणी उकळायची पितळी पातेली कौशल्याबाईची आहेत. पोस्टात जे असेल ते तिचेच. घराची व्यवस्था नानासाहेबांनी या कागदाप्रमाणे लावून द्यावी. हिंदुरावाने दावा लावल्यास हे संपूर्ण मृत्युपत्र कोर्टात मोठ्याने वाचावे, एवढीच माझी बचाव म्हणून सूचना आहे.

येथे मजकूर संपला होता आणि सही करायची होती, पण साक्षीदार दोन लागतात, आणि व्यवस्था आपल्याकडे आहे म्हणून नानासाहेब स्वतः साक्षीला राहत नाहीत. मारुतराव लगेच तयार झाले, म्हणाले, "ओव्हरटाइम सोडून येतो, मावशी." दुसरा मिळेना. सावकाराच्या कुसुमताईची तिन्ही मुले कौशल्याबाईने काढली, तिने कानावर हात ठेवले, "हिंदुरावाशी वाकडं कोण घेईल?" देवळाजवळच्या भिमाजीने, ज्याची बायको तिने वाचवली, पाठ धरली आहे असे सांगितले. बोटाला काय झाले ते विचारले तर दार लावून घेतले. अख्ख्या आळीला जन्माला घालणाऱ्या बाईसाठी अख्ख्या आळीत एक अंगठा निघेना. सहीविना हा कागद रद्दी आहे आणि माझा खोकला काही बरा होत नाही. म्हणून मी चार दिवस फार वाईट तोंड करून बसले होते.

आज दुपारी सोजराबाई आली. मारुतराव आणि वकीलसाहेब दोघेही समोर होते. ती दारातच थांबली.

"वन्सं, माजा अंगठा चालंल का?"

मी विचारले, "हिंदुरावाला माहीत आहे?"

"त्यो म्हनला, अंगठा दिलास तर घराचं दार बंद." मग म्हणाली, "सुनंला दिस गेल्यात. आन् हिला हाकलली तर ती नडल्यावर मी कुनाला हाक मारू?"

मला पुन्हा तिटकारा आला. सुनेची गरज पडली तेव्हा हिचे पाय वळले. मी तसे तोंडावर बोलले. ती खाली बसली आणि रडली नाही, हे तिच्या बाजूने लिहिते.

"सुनंचं निमित्त हाय वन्सं. त्या दिशी सगळी भाईर हुती. ही एकलीच आत आली. मी तिला आजवर घरात बस म्हनले न्हाई. मामंजी व्हते, सासूबाई व्हत्या, मालक व्हते, मग ल्योक. समद्यांस्नी भ्याले. आता लई झालं."

वकीलसाहेबांनी तिला समजावले की साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देऊ नये हे बरे, तेव्हा शालनबाई तुम्हाला या घरात आसरा लिहून देऊ शकत नाहीत. ती म्हणाली, मागितलाय कुनी. तेव्हा कौशल्याबाई प्रथमच बोलली.

"घर मला मिळनार ना वकीलसाहेब? मग मी ठेवते त्यांना. माझ्याच खोलीत खाट टाकू." आणि सोजराबाईला म्हणाली, "पर चूल एकच हाय, बाई. मी रांधते ती."

सोजराबाई दारातून आत सरकली. मग म्हणाली, "चा टाक आदी."

कौशल्याबाईने चहा आणला. सोजराबाईने तो बशीत ओतून, फुंकर घालून, सगळा प्याला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. एवढ्या एका बशीसाठी एवढे आयुष्य गेले याचीच घृणा वाटली. पण अंगठा तिने घट्ट दाबला आहे आणि तो स्वच्छ उमटला आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. खाली सही केली ती साक्षीदारांच्या देखत केली आणि त्यांनी माझ्या देखत केली.

ठिकाण: चिंचवड
तारीख: ९ डिसेंबर १९५७

(सही) शालनबाई चिमाजी काळोखे

साक्षीदार:

१. (सही) मारुतराव ग्यानोबा सूर्यवंशी, धंदा कारखान्यात नोकरी, राहणार शालनबाई काळोखे यांच्या परसातली खोली, चिंचवड.

२. सोजराबाई, कै. दत्तोबा शेडगे यांची पत्नी, धंदा घरकाम, डाव्या हाताचा अंगठा. राहण्याचा पत्ता नानासाहेबांनी विचारला असता सांगितले तसा लिहिला: कौशल्याबाईच्या घरात.